बाहेरचे चौघे

२ एप्रिल २०१३, मंगळवार. पुंगोल, सिंगापूर

आज पहिल्यांदा बुकित बातोकला जाऊन आलो. दीड तास, दोनदा गाडी बदलून. ऋचाने कागदावर स्टेशनांची नावं लिहून दिली होती, ती काढायची वेळ आली नाही. सदुसष्टाव्या वर्षी लेकीकडे राहायला आलेल्या माणसाला कोणी कामासाठी बोलावतं, याचंच मला अप्रूप. पत्नी मेधा गेल्यापासून दोन वर्षं मी नुसता आधी त्या घरात, मग या घरात बसून आहे.

चंद्रशेखर मूळचा पार्ल्याचा. इथे प्रदर्शनं भरवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर आहे आणि ऋचाच्या ओळखीतला. त्याने हकीकत सांगितली. उत्तर पॅसिफिकमधल्या एका निर्जन बेटावर दोन वर्षांपूर्वी एका संशोधक पथकाला फुटक्या जहाजाचे अवशेष सापडले. १७८७ साली मुंबईहून निघालेलं जहाज. त्या थंड समुद्रातल्या पाणमांजरांची कातडी घ्यायची आणि चीनमध्ये विकायची, असा तेव्हा मोठा व्यापार चाले. हे जहाज कातडी भरून परतताना खडकावर आपटलं. वाचलेल्यांनी किनाऱ्यावर झोपडं बांधलं आणि एका हिवाळ्यात सगळे संपले. हाडं पथकाने तिथेच पुन्हा पुरली. वस्तू मात्र प्रक्रियेसाठी इथल्या प्रयोगशाळेत आल्या आहेत. जुलैमध्ये प्रदर्शन.

त्यांत मेणाने बंद केलेला तांब्याचा एक डबा होता. आत चाळीस पानं. मोडी.

“काका, सिंगापुरात मोडी वाचणारा माणूस शोधत होतो,” चंद्रशेखर म्हणाला, “आणि ऋचा म्हणाली, आमच्या घरातच आहे.”

पुण्याच्या दप्तरात चौतीस वर्षं काढली, पण असा कागद हातात आला नव्हता. मानधन नको म्हणून सांगितलं.

प्रयोगशाळेत भावना मेश्राम नावाची संशोधक आहे. वस्तू ती सांभाळते. तिशीची असेल. नागपूरची. नागपुरात कुठे, म्हणून सहज विचारलं. म्हणाली, उत्तर नागपूर. मग मी पुढे काही विचारलं नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

लिहिणारा सापडला. गोविंद रामजी, जहाजावरचा कारकून. दुभाष्याचं कामही हाच करी, कारण कप्तानाला आपली भाषा येत नव्हती आणि खलाशांना त्याची. अक्षर काय सुंदर आहे. हात गारठलेले असणार, शाई बहुधा काजळीची, तरी वरची रेघ कुठे ढळत नाही. असा माणूस दप्तरात असता तर मी त्याला शेजारची जागा दिली असती.

पहिल्या पानावर: “जाहाज खडकावरी बैसलें. सत्तावीस असामी किनारीं लागलों. साहेबांचे हुकुमें प्रथम कातडियांचे गठ्ठे उतरिले.” जहाजावरच्या साठांपैकी सत्तावीस. माणसं बुडत होती आणि आधी गठ्ठे उतरवले.

भावना काचेपलीकडून बघत होती. “सर, एवढं भराभर कसं वाचता?” मी म्हटलं, शिकायचं असेल तर शिकवतो. खरोखरच वही घेऊन आली.

१९ एप्रिल, शुक्रवार

आठवड्यातून तीन दिवस जातो. साडेनऊपर्यंत निघतो, अकराला टेबलाशी. दुपारी डबा खातो. सगळे खाली हॉकरच्या टपऱ्यांवर जेवायला जातात, मला ते चालत नाही. भावना पहिल्या आठवड्यात तिचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी बसायची. एकदा वांग्याची भाजी पुढे केली. मी म्हटलं, मला पथ्य आहे. तेव्हापासून ती खाली जाते. तरुण मुलगी, तिला तिच्या वयाची सोबत हवी असेल.

शिकण्यात मात्र तिला तोड नाही. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, एक अक्षर दुसऱ्याच्या गळ्यात. दप्तरातल्या मुलांना तीन महिने लागत. हिला पंधरा दिवसांत ओळी सुटायला लागल्या. खरं सांगायचं तर मला एवढी अपेक्षा नव्हती.

आज नवव्या पानावर पोहोचलो. “घर एक केलें. फळिया व शीड घालोन. आंत तेवीस. बाहेर चौघे.”

भावनाने विचारलं, “बाहेर का?”

“पहाऱ्याला असतील. सातव्या पानावर आलंय, चार शिपाई होते.”

तिने पथकाचा नकाशा काढला. झोपडीपासून बत्तीस पावलांवर, वाऱ्याच्या बाजूला, चार सांगाडे. “पहारा कशावर, सर? बेटावर दुसरं कोणीच नव्हतं.”

“अस्वलं असतील.”

“त्या बेटावर अस्वलं नाहीत.”

मी म्हटलं, त्यांना काय माहीत, नाहीत ते.

सातव्या पानावर खरं म्हणजे “परवारी शिपाई चार” आहे. परवारी म्हणजे तेव्हाच्या मुंबईच्या पलटणींतले महार शिपाई. नावं रामनाक, धोंडनाक, भिकनाक, सोननाक. तर्जुम्यात मी “चार शिपाई” लिहिलं आणि नावं राम, धोंडू, भिकू, सोनू अशी केली. इंग्रजी वाचणाऱ्याला ते नाक म्हणजे काय ते कळणार नाही. आणि कोणाची जात सांगायची गरजच काय? मी आयुष्यात कधी कोणाला जात विचारली नाही.

६ मे, सोमवार

सतरावं पान.

सकाळी अकराला घेतलं. चारपर्यंत त्याच पानावर होतो. वाचायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वाचून झाल्यावर बसून राहिलो.

थंडी वाढली तेव्हा कप्तानाने गठ्ठे फोडायची परवानगी दिली. कातडी वाटली. मग या ओळी:

“साहेबीं पुसिलें, चौघे बाहेर कां. आम्हीं सांगितलें, त्यांची मर्जी, पाहारा करितात. मागाहून सोननाकें दोन कातडीं मागितलीं. न दिल्हीं. विटाळलीं तर परतोन कोण घेईल.”

सहाशे कातडी होती. तेवीस माणसं.

म्हणजे कप्तान विचारत होता. त्याला ठाऊकच नव्हतं. मधे फक्त गोविंद रामजी होता, त्याने सांगितलं ते साहेबाने मानलं.

तर्जुम्यात लिहिलं: येथे दोन ओळी पुसट.

हे का केलं ते इथे तरी लिहून ठेवतो. एक, सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या मापाने मोजणं बरोबर नाही. दोन, परक्या मुलखात चार लोकांपुढे आपलं हे कशाला मांडायचं? तीन, समोर भावना बसलेली. तिच्यादेखत “विटाळलीं” वाचून दाखवायचं, हे बरं दिसलं नसतं. म्हटलं तर मी तिचाच विचार केला.

चौतीस वर्षांत एकाही कागदावर खोटा शेरा मारलेला नाही. याला खोटा म्हणायचं की काय, ते ठरत नाही.

८ मे, बुधवार

पुढची पानं वाईट आहेत.

भिकनाक गेला. तीन दिवसांनी धोंडनाक, मग रामनाक. आतही माणसं मरत होती, हिरड्या सुजून, पाय काळे पडून. “आंतील मयत बाहेरचे उचलितात.” पुढे: “आज मयत दोन. बाहेर सोननाक एकला. त्याणें ओढोन नेले. दिवस लागला.”

भावना म्हणाली, “आतले का नाही उचलत?”

“शिपाई होते. अंगात ताकद असेल.”

“उघड्यावर झोपणाऱ्यांच्या अंगात जास्त ताकद?”

मी पुढचं पान मागितलं. ती म्हणाली, झोपडीतल्या मातीत तिला कातड्याचे केस सापडलेत, तेवीसच्या तेवीस जागी. त्या चौघांच्या जागी एकही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तीनदा बघितलं म्हणे.

२३ मे, गुरुवार

चंद्रशेखरने फलकांचा मजकूर दाखवला. मोठ्या फलकाचा मथळा: बाहेर उभे राहिलेले चौघे. खाली, सोबती आत निजावेत म्हणून चार शूर शिपाई बर्फात पहारा देत राहिले आणि आधी त्यांनीच प्राण दिले.

“हा गाभा आहे काका, प्रदर्शनाचा,” तो म्हणाला. “एवढ्या अंधारात एवढाच एक उजेड.”

मी पुसट म्हटलेल्या ओळींच्या जोरावर तो हे लिहितोय आणि त्या पुसट नाहीत, हे मला तिथेच सांगायला हवं होतं. त्याने कॉफी मागवली. इकडचं तिकडचं बोललो. ऋचाची तारीफ केली त्याने.

उद्या बुद्धपौर्णिमेची सुट्टी. भावनाने जाताना विचारलं, “सर, ते सतरावं पान मी परवा कॅमेऱ्याखाली घेऊ? इन्फ्रारेडमध्ये पुसट शाई उठून दिसते.”

मी म्हटलं, कशाला त्रास घेतेस.

“त्रास कसला. तुमच्यासाठीच.”

३ जून, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

गेल्या गेल्या भावनाने मोठा छापलेला फोटो माझ्यापुढे ठेवला. खूष होती. “सर, तुम्हाला पुसट दिसत होतं ना, हे घ्या. मीच वाचायचा प्रयत्न करू का? चुकलं तर सांगा.”

मी होय म्हटलं. नाही कसं म्हणणार?

तिने बोट ठेवलं. “साहेबीं... पुसिलें. बरोबर?”

“बरोबर.”

“चौघे बाहेर कां.” ती हसली. “बघा, हेच मी विचारत होते.” मग पुढे. “आम्हीं सांगितलें... त्यांची... मजी?”

“मर्जी. वरचा रफार.”

“त्यांची मर्जी, पाहारा करितात.” तिने वर बघितलं. “म्हणजे पहारा खरंच होता?”

मी पुढच्या ओळीकडे बोट दाखवलं. ती पुन्हा खाली वळली. सोननाक आला. मी सोनू केला होता, ते तिने बघितलं, पण बोट पुढे नेलं. न दिल्हीं. मग शेवटची ओळ. पहिलं अक्षर तिला लागेना.

“सर, हा ‘वि’ ना?”

“हो.”

“वि... टा...” तिने संपूर्ण शब्द मोठ्याने वाचला नाही. तोंडातल्या तोंडात वाचला. बाकीची ओळही तशीच. मग तिने फोटोवरचं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

खालच्या गॅरेजमध्ये कोणीतरी गाडीचा पत्रा ठोकत होतं.

“तुम्हाला हे दिसलं नव्हतं, सर?”

“वय झालं. डोळे साथ देत नाहीत.”

तिने मूळ पान काचेखाली आणून ठेवलं. शेजारी सोळावं आणि अठरावं. तिन्हींची शाई एकसारखी. सोळा आणि अठरा मी तिच्यादेखत घडाघडा वाचली होती.

“नावं अशी आहेत तर,” एवढंच म्हणाली. मग, “माझ्या खापरपणज्यांचं नाव लाडनाक. पलटणीत होते. घरी त्यांचा बिल्ला आहे. आजोबा बाबूराव तो दर चौदा एप्रिलला पुसून ठेवायचे.”

मी म्हटलं, “भावना, तुला वाईट वाटू नये म्हणून...”

“मला वाईट कशाला वाटेल? मी तर आतच आहे.” तिने वही मिटली. “वाईट त्यांना वाटायला पाहिजे होतं.”

घरी येताना डोबी घॉट स्टेशनात चुकीच्या गाडीत बसलो.

७ जून, शुक्रवार

शिकवणी बंद. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नमस्कार करते, काचेच्या पलीकडे बसते. कामात कसूर नाही. मला हवं ते पान वेळेवर पुढे येतं.

तिने चंद्रशेखरला लेखी कळवलं आहे की फलक चुकीचा आहे.

१७ जून, सोमवार

बाहेर धुराचा वास. सुमात्रातले वणवे, दरवर्षी येतो म्हणतात, यंदा जास्त.

चंद्रशेखरने ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं.

“काका, फलक छापून झालेत. पण प्रश्न त्याचा नाही. लोक मुलांना घेऊन येणार, आपली सगळी मंडळी येणार. तिथे हा विषय कशाला? भावना हुशार आहे, पण तिने मोडी शिकून दोन महिने झाले. तुमचा शब्द तो शेवटचा.”

“मग काय करायचं?”

“काही नाही. एवढंच लिहून द्या, या दोन ओळींचं वाचन निश्चित मानता येत नाही.”

कागद तयारच होता. तो फार अदबीने बोलत होता. मधेच म्हणाला, ऋचाच्या नव्या नोकरीसाठी त्याने वरती शब्द टाकलाय. त्याचा याच्याशी संबंध नव्हता, बोलण्याच्या ओघात आलं.

सही केली. खोटं कुठे लिहिलं? जुन्या कागदाचं कुठलंच वाचन शंभर टक्के निश्चित नसतं. दप्तरात कोणालाही विचारा.

२१ जून, शुक्रवार

दुपारी बाराला धुराचा आकडा चारशे एक. आजवरचा सर्वांत जास्त, असं बातम्यांत. खिडक्यांना ओले टॉवेल लावलेत. समोरची इमारत दिसत नाही. एलआरटीचा आवाज येतो, गाडी दिसत नाही. ऋचाने मास्क मिळवले, दोन दुकानं फिरून. शाळेला सुट्टी, नात ऋता घरात.

मी शेवटच्या पानांचे फोटो घेऊन बसलो होतो. ऋता शेजारी येऊन बसली. आठ वर्षांची आहे, मराठी कळतं, बोलते आपल्याच तऱ्हेने. फर म्हणजे काय ते तिला दाखवलं. सगळी गोष्ट सांगितली. म्हणजे फलकावरची.

ती म्हणाली, “आजोबा, सो मच फर, व्हाय नेव्हर वेअर?”

“कोणी?”

“द फोर अंकल्स लाह. आउटसाइड.”

मी म्हटलं, त्यांना दिलं नाही.

“हू नेव्हर गिव्ह?”

मी म्हटलं, ज्याने ही वही लिहिली, त्याने.

“देन ही बॅड, राइट?”

मी म्हटलं, त्याचं अक्षर फार सुंदर होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पान बाजूला ठेवावं लागलं. मग ती टीव्ही लावायला गेली.

ती पानं वाचून झाली. लिहायला हवं, नाहीतर झोप येणार नाही. सोननाक डिसेंबरअखेर गेला. तो गेल्यावर मयत उचलणारं कोणी उरलं नाही. आतली माणसं आतच मरत गेली, कोणी कोणाला हात लावेना. कप्तान फेब्रुवारीत गेला. गोविंद रामजी लिहितो: “आतां आम्ही तिघे. बाकी जेथील तेथें. रात्रौ बाहेर कोणी खोकलें ऐसें वाटतें. पाहिलें. कोणी नाहीं.”

चाळिसाव्या पानावर रेघ ढळली आहे. अक्षर ओळखू येत नाही इतकं वाकडं. “दार उघडें ठेविलें आहे. कोणी येईल तर यावें.”

त्या चौघांना सहा महिन्यांपूर्वी एवढंच म्हणायला हवं होतं. बत्तीस पावलं.

१३ जुलै, शनिवार

प्रदर्शन उघडलं. मला पुढच्या रांगेत बसवलं, शाल दिली. कातड्याचे तुकडे थंड काचेत, तांब्याचा डबा मधोमध दिव्याखाली. सगळं उत्तम मांडलंय. ते भावनाचं काम, पण ती दिसली नाही. चंद्रशेखरला विचारलं. तिचा करार जूनमध्ये संपला, नवीन केला नाही म्हणाला. तिनेच नको म्हटलं की त्यांनी, ते त्याने सांगितलं नाही.

मोठ्या फलकापाशी गर्दी होती. एक मराठी बाई आपल्या दोन मुलांना समजावत होती, “बघा, दुसऱ्यांना ऊब मिळावी म्हणून हे स्वतः थंडीत राहिले. आपणहून.” मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

गोविंद रामजीने कप्तानाला जे सांगितलं होतं, तेच ती सांगत होती. शब्दसुद्धा तेच. त्यांची मर्जी.

त्याने एका माणसाला फसवलं. मी रोज किती लोकांना फसवणार आहे, ते दाराशी बसलेला माणूस मोजतो आहे.

शाल घेऊन बाहेर आलो. ऋचाने विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, उकडतंय.

१६ जुलै, मंगळवार

तीन दिवस मनाची जमवाजमव करून भावनाला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “शनिवारी तोआ पायोहला या सर. मी तिथेच राहते.”

२० जुलै, शनिवार

हॉकर सेंटरच्या एका कडेला बसलो होतो. तिने माझ्यासाठी चहा आणला. दूध कमी, साखर नाही. बुकित बातोकला मी कसा घेतो ते तिने पाहिलेलं.

मी सतराव्या पानाचं पूर्ण वाचन स्वच्छ लिहून नेलं होतं. नावांसकट. तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, हे तुझ्याकडे असू दे, वापर.

तिने वाचलं. परत केलं.

“मी माझंच वाचन दिलंय, सर. सगळ्या चाळीस पानांचं. पथकाच्या प्रमुखांना पाठवलं, ते छापणार आहेत. तुम्ही एकदा बघाल? चुका असतील.”

चाळीस पानं. एकटीने, दीड महिन्यात, नोकरी शोधता शोधता. मी तिथेच चष्मा पुसून बसलो. दोन तास लागले असतील. बाजूच्या टेबलावर म्हातारी मंडळी बुद्धिबळ खेळत होती, त्यांचा गलका चालला होता. तीन ठिकाणी चुका सापडल्या, त्यांतली एक माझ्याही वाचनात होती. तिने तिन्ही लिहून घेतल्या.

सतराव्या पानाच्या खाली तळटीप होती. इंग्रजीतली, पण मी इथे मराठीत लिहितो: या ओळी आधीच्या वाचनात पुसट म्हटल्या आहेत. नंतर त्या वाचकाने वाचन अनिश्चित असल्याचं लेखी दिलं आहे. मूळ पानावर शाई स्पष्ट आहे. पुढे माझं नाव, आडनावासह.

सगळ्यात शेवटी आभार होते. एकच नाव. मोडी शिकवल्याबद्दल. तेही माझंच.

“ही टीप,” मी म्हटलं.

“काही चुकलंय का त्यात?”

“नाही.”

“मग राहू दे, सर.”

मी विचारलं, “आणि आभार कशाला?”

“तेही खरं आहे ना. तुम्ही शिकवलंत म्हणून वाचता आलं.” तिने पानं गोळा केली. “मला एक कळत नाही. तुम्हाला ते लपवायचंच होतं, तर मला अक्षरं का शिकवलीत?”

कदाचित मला वाटलं असेल की तिला तिथपर्यंत वाचता येणारच नाही. हे तिला सांगितलं नाही. इथे लिहिलं आहे.

उठताना मी म्हटलं, आईबाबांना नमस्कार सांग. ती म्हणाली, सांगते. स्टेशनपर्यंत आली नाही.

२१ जुलै, रविवार

सकाळी ऋचाला सगळं सांगितलं. मेधा असती तर तिला एप्रिलमध्येच सांगितलं असतं आणि तिने मला सरळ केलं असतं. ऋचा ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “बाबा, चंद्रशेखरने माझं काम करून दिलंय. पुढच्या सोमवारी मी नवीन जागी रुजू होतेय.”

“ठाऊक आहे.”

“आता लिहून काय होणार? तिने दिलंय ना सगळं.”

“तिने शाई स्पष्ट आहे एवढंच लिहिलंय. मला ती वाचता आली होती, हे तिला माहीत नाही. म्हणजे माहीत असणार, पण लिहिता येत नाही. ते मलाच लिहावं लागेल.”

ऋचा उठून आत गेली. तिचा राग बरोबर आहे. किंमत तिला मोजावी लागेल, मला नाही. मी डिसेंबरात पुण्याला परतणार.

चार वाजता पत्र लिहिलं. पथकाच्या प्रमुखांना, प्रती चंद्रशेखर आणि भावनाला. ऋताने संगणकावर टाइप करून दिलं, स्पेलिंग विचारत विचारत. तिने दोनदा विचारलं, आजोबा, यू शुअर? मी हो म्हटलं.

“माझं १७ जूनचं पत्र मागे घेत आहे. सतराव्या पानावरच्या ओळी पुसट नाहीत आणि नव्हत्या. चौघे शिपाई परवारी होते. त्यांना आपल्या मर्जीने नव्हे, तर शिवाशिवीमुळे बाहेर ठेवलं गेलं आणि कप्तानाला तसं न सांगता खोटं सांगितलं गेलं. ते ज्याने सांगितलं त्याने स्वतःच तसं लिहून ठेवलं आहे. या ओळी मी ६ मे रोजी, पहिल्याच वाचनात, संपूर्ण वाचल्या होत्या.”

तर्जुम्यावर मी सहीच्या जागी नेहमी “वाचक” लिहितो. आज तो शब्द लिहिला नाही. नुसतं नाव लिहिलं आणि पाठवलं.